मुलांचे वापरलेले कपडे विकायचे तर: कायद्याची जबाबदारी आणि टेबलावरची तपासणी

बाळंतविडा (या ऑनलाइन चर्चेचा धागा सुरू करणारी; पुढची नावं उत्तर देणाऱ्यांची)

विलेपार्ले पूर्वेला १८० चौरस फुटांच्या गाळ्यात मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचं दुकान सुरू होत आहे. वयोगट ० ते ८ वर्षं. कपडे दोन वाटांनी येतील. काही सोसायट्यांमधून थेट विकत घेतलेले, काही 'विकल्यावर वाटा' या बोलीवर ठेवलेले. बऱ्याच घरांतून अमेरिका-इंग्लंडहून आलेले, एकदोनदाच अंगाला लागलेले कपडे मिळतात.

जुना कपडा बाळाला घालण्यात आपल्याकडे कमीपणा कधीच नव्हता. पहिलं झबलं तर मुद्दाम जुन्या मऊ लुगड्याचं किंवा मोठ्या भावंडाचं. पण घरातल्या घरात कपडा फिरतो तेव्हा त्याची माहितीही सोबत फिरते: कोणतं बटण सैल आहे, कोणाला खरूज झाली होती, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या की कडुनिंबाचा पाला. दुकानात आलेल्या कपड्याची ही माहिती गळून पडते आणि ती भरून काढायचं काम दुकानदाराकडे येतं. म्हणून चार प्रश्न.

१. भारतात यावर नेमका कोणता कायदा लागतो?
२. प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागते का?
३. टेबलावर काय बघून कपडा बाद करायचा?
४. दुरुस्ती करून विकावा की नाही?

नियमावली

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

मुलांच्या रोजच्या कपड्यांना खेळण्यांसारखा सक्तीचा आयएसआय शिक्का आपल्याकडे नाही. त्यामुळे 'सुरक्षिततेचा परवाना' काढायला कुठे जायचं नाही. म्हणून जबाबदारी नाही असं मात्र समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याचं सहावं प्रकरण, कलम ८२ ते ८७, उत्पादनामुळे झालेल्या इजेच्या दायित्वाबद्दल आहे. कपडा तुम्ही बनवलेला नाही, फक्त विकला, तरी कलम ८६ खाली विक्रेता पाच परिस्थितींत सापडतो. वापरलेल्या कपड्यांच्या दुकानाला त्यातल्या चार थेट लागू पडतात:

– वस्तूत बदल केला आणि इजा मुख्यतः त्या बदलामुळे झाली.
– उत्पादकाच्या हमीपलीकडे स्वतःची स्पष्ट हमी दिली आणि वस्तू त्या हमीला उतरली नाही.
– उत्पादक कोण ते माहीत नाही, किंवा माहीत असूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही, किंवा भारताचा कायदा त्याला लागू नाही.
– तपासणी आणि देखभालीत वाजवी काळजी घेतली नाही, किंवा उत्पादकाने दिलेले इशारे गिऱ्हाइकापर्यंत पोचवले नाहीत, आणि इजा त्यामुळेच झाली.

तिसरा मुद्दा नीट वाचा. मानेजवळचं लेबल टोचतं म्हणून आया ते कापून टाकतात. तसा कपडा तुमच्याकडे आला की उत्पादक अज्ञात. परदेशी दुकानातला, भारतात विकला न जाणारा कपडा आला की उत्पादक आपल्या कायद्याच्या कक्षेबाहेर. दोन्ही वेळेला दावा तुमच्या दारात येऊन थांबतो. विकल्यावर वाटा द्यायच्या बोलीवर ठेवलेला कपडाही यातून सुटत नाही, कारण धंदा म्हणून विकणारे तुम्हीच.

आणखी दोन गोष्टी. दुकानाच्या पाटीवर किंवा पावतीवर 'पूर्णपणे सुरक्षित' असं लिहू नका, ती स्पष्ट हमी होते. काय तपासलं तेवढंच लिहा. दुसरं, गिऱ्हाइकाला जिल्हा आयोगाकडे जाणं सोपं आहे. वस्तूला दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकाला १९१५ हा हेल्पलाइन क्रमांकही चांगला माहीत असतो.

हडसनकाठ

दुसऱ्या प्रश्नाला अमेरिकेतला अनुभव फार उपयोगी आहे, कारण तिथे हा वाद पूर्ण खेळून झाला आहे.

ऑगस्ट २००८ मध्ये तिथे ग्राहकवस्तू सुरक्षा सुधारणा कायदा आला. १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठीच्या वस्तूंमध्ये शिशाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली: फेब्रुवारी २००९ पासून ६०० पीपीएम (दहा लाख भागांत ६०० भाग), ऑगस्ट २००९ पासून ३००, ऑगस्ट २०११ पासून १००. रंगाच्या थरातल्या शिशासाठी वेगळी मर्यादा, ९० पीपीएम. उत्पादकाला तपासणी आणि प्रमाणपत्र सक्तीचं झालं. जुन्या कपड्यांच्या दुकानांची कोंडी इथेच झाली. कारखाना एका लॉटमधले काही नग तपासतो आणि हजारो विकतो. जुन्या दुकानातला प्रत्येक नग हाच एक लॉट. तपासायचा तर तो कापावा लागतो, आणि कापला की विकायला काही उरत नाही.

जानेवारी २००९ मध्ये तिथल्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने स्पष्ट केलं की पुनर्विक्रेत्याला तपासणी आणि प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण मर्यादा ओलांडणारी वस्तू त्याने विकायची नाही. म्हणजे तपासायचं नाही, तरी चुकायचंही नाही. दुकानदारांचा जीव टांगणीला लागला तो या वाक्याने. ऑगस्ट २०११ च्या दुरुस्तीने वापरलेल्या वस्तूंना शिशाच्या मर्यादेतून सूट मिळाली. धातूचे दागिने आणि मर्यादा ओलांडल्याचं ठाऊक असलेली वस्तू मात्र सुटीबाहेर राहिली. शिशाच्या रंगाचा नियमही कायम राहिला. धोक्यामुळे कंपनीने परत मागवलेली वस्तू विकणं तर जुन्या दुकानालाही बेकायदा आहे.

तुमच्या कामाचा भाग असा की त्याच वादातून एक यादी तयार झाली. साधं कापड, रंगवलेलं असो वा नसो, सुती असो वा पॉलिस्टर, शिशाच्या मर्यादेत बसतंच असं आयोगाने २००९ मध्ये ठरवलं आणि त्याला तपासणीतून वगळलं. कापडावर नंतर चढवलेली छापील चित्रं, उष्णतेने चिकटवलेले स्टिकर, चेन, बटणं आणि खडे मात्र वगळले नाहीत. म्हणजे नजर कापडावर कमी आणि कापडाला जे जोडलंय त्यावर जास्त ठेवायची.

युरोपचंही सांगून ठेवतो. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेला तिथला सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम वापरलेल्या वस्तूंनाही लागतो. पुराणवस्तू, आणि 'दुरुस्तीशिवाय वापरू नये' असं स्पष्ट लिहून विकलेल्या वस्तू तेवढ्या सुटतात.

टाका-दोरा

तिसऱ्या प्रश्नावर मोठं लिहितो, कारण दुकान चालतं ते या टेबलावर.

टेबल खिडकीपाशी ठेवा आणि वर पांढरी चादर टाका. सुटा धागा, मोडक्या सुईचं टोक, ढेकणाचे डाग, सगळं पांढऱ्यावर दिसतं. कपडा आधी उलटा करा. सुलट बाजूने फक्त दुकानाची शोभा दिसते, धोका आतल्या बाजूला असतो.

नाड्या. सुरुवात यापासून करा, कारण इथे सजा सर्वात मोठी आहे. टोपीची किंवा गळ्याची नाडी घसरगुंडीच्या फटीत, पाळण्याच्या खुंटीत, बसच्या दारात अडकते आणि मूल लटकतं. आपल्याकडे यात जुन्या इमारतींतल्या लिफ्टची जाळीही धरा. ब्रिटनने १९७६ सालीच छाती ४४ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे कपडा सपाट पसरून आडवं मोजलेलं माप, असलेल्या मुलांच्या बाहेर घालायच्या कपड्यांत टोपीतून ओवलेली नाडी बंद केली. अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचना १९९६ च्या: २ ते १२ मापापर्यंत टोपीला आणि गळ्याला नाडी नकोच. कमरेची किंवा खालच्या काठाची नाडी १६ मापापर्यंत चालेल, पण तीन अटींवर. कपडा पूर्ण ताणल्यावर नाडीचं टोक बाहेर ३ इंचांपेक्षा, म्हणजे साडेसात सेंटिमीटरपेक्षा जास्त लोंबता कामा नये. टोकाला गाठ, मणी, गोंडा नको. आणि नाडी अखंड असेल तर मधोमध कपड्याला शिवून पक्की केलेली हवी, म्हणजे एका बाजूने ओढून ती लांब होणार नाही.

दुकानात हे असं करा. टोपीतली नाडी पूर्ण ओढून काढा, कापून आखूड करू नका. आखूड नाडी आत सरकते, मूल ती पुन्हा बाहेर ओढतं. कमरेच्या नाडीला मागच्या मध्यावर आडवे आठ-दहा टाके दाट मारा.

आता आपल्या घरच्या कपड्यांचंही स्पष्ट बोलायला हवं. कुंचीला गळ्याखाली बांधायचे बंद असतात आणि टोपऱ्यालाही. मांडीवरच्या बाळाला हे कपडे उत्तम आहेत, आई समोर असते. पण कुंची घालून बाळाला पाळण्यात एकटं निजवलं की तो बंद गळ्याशी येतो. गळ्याला बंद असलेली कुंची मी तरी विक्रीला ठेवणार नाही. बंद उसवून त्या जागी वेलक्रोचा छोटा तुकडा लावला तर ओढ पडताच तो सुटतो.

टिचबटणं. झबल्याच्या खांद्यावर आणि चड्डीच्या मांडीत असतात ती. आतून चार-पाच दात कापडात रोवून बाहेरच्या वाटीत वळवलेले असतात. खालच्या कापडाला अस्तराची पट्टी नसेल तर विणलेलं होजियरी कापड दातांभोवती हळूहळू फाटतं आणि बटण अख्खं निघून येतं. चाचणी: बटण दोन बोटांत धरून फिरवा. कापड न हलता बटण गरगर फिरलं तर पकड गेलेली आहे. मग जुना नायलॉनचा मोजा हातात घालून आतल्या बाजूवर घासा. धागा अडकला की दात वर आलेला आहे, आणि तो बाळाच्या कातडीला लागणार. असा कपडा बाद. हातोडीने दात ठोकून बसवायच्या फंदात पडू नका, दुसऱ्या धुण्यात ते पुन्हा वर येतात.

शिवलेली बटणं. कारखान्यात बटण बहुतेकदा एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावतात. मागच्या बाजूला सुटलेलं टोक ओढलं की साखळी सरसर उसवते आणि बटण हातात येतं. तीन वर्षांखालच्या मापांत प्रत्येक बटण मागून बघा. सुटं टोक दिसलं की बटण काढून हाताने पुन्हा लावा: पॉलिस्टरचा दोरा दुहेरी घेऊन प्रत्येक भोकातून किमान सहा फेऱ्या, बटणाखाली तीन-चार वेढे, मागे दोन उलट टाके आणि मग गाठ. सुती दोरा पावसाळ्यात घामा-ओलाव्याने लवकर कुजतो.

ओढून बघायला सामानाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा घ्या. युरोपच्या खेळण्यांच्या मानकात ६ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भागासाठी ९० न्यूटन, त्याहून लहान भागासाठी ५० न्यूटन ओढ असते, दहा सेकंद धरून. काट्यावर ती अनुक्रमे ९ आणि ५ किलोच्या आसपास येते. ओढ झटका देऊन नाही, पाच सेकंदांत हळूहळू वाढवायची.

गिळता येईल एवढा तुकडा. प्रमाणित नळकांडं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्याचा तळ तिरका असतो. रोजच्या कामाला १० रुपयांचं नाणं जवळ ठेवा, ते २७ मिलिमीटरचं आहे. चपटं बटण, गोंडा, चिकटवलेलं फूल, चेनच्या रनरला लटकवलेलं कार्टून नाण्याएवढं, त्याहून लहान किंवा किंचित मोठं असेल आणि निघून येण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षांखालच्या मापात ते आधीच काढून टाका.

चेन. पूर्ण उघडा, पूर्ण लावा, असं दहा वेळा. खालचा थांबा आणि वरचे दोन खिळे पक्के आहेत का बघा. पायजम्याच्या पुढच्या चेनमागे कापडाची पट्टी नसेल तर मुलग्यांच्या मापात बाद. तिथली कातडी चेनमध्ये अडकते.

टिकल्या, चमकी, खडे. सणासुदीच्या फ्रॉक-परकरांवर हे फार. शिवलेली टिकली एका दोऱ्यावर ओवलेली असते, एक दोरा तुटला की वीतभर ओळ गळते. चिकटवलेला खडा मुंबईच्या दमटपणात सुटतो. काचेचा खडा ओठाला गार लागतो, प्लास्टिकचा लागत नाही. अस्सल लेड क्रिस्टल काचेत शिशाचा ऑक्साइड २४ टक्के किंवा अधिक असतो, आणि लहान मूल खडा चघळतं. काचेच्या खड्याचा कपडा ० ते ३ मापात ठेवूच नका.

शेवटी चुंबक. शिवणींवरून आणि कॉलरच्या आतून सावकाश फिरवा. मोडक्या सुईचं टोक पोलादी असतं, ते ओढलं जातं.

गाळा नंबर ७

टाका-दोरा, एका मुद्द्याला हरकत घेतो. ९ किलोची ओढ नव्या मालाच्या नमुन्याला ठीक आहे. तो नमुना चाचणीनंतर फेकून देतात. वापरलेल्या होजियरीवर तीच ओढ दिली तर बटण टिकेल पण कापड विरेल, आणि विरलेलं कापड आठवडाभराने बटण सोडेल. म्हणजे चाचणीनेच कपडा धोक्याचा केला. शिवलेल्या बटणाला काटा वापरा. टिचबटणाला फिरवणं, मोजा घासणं आणि हाताने बेताची ओढ एवढंच पुरे. कापड उजेडासमोर धरून बटणाभोवती छिद्रं मोठी झालेली दिसली की बाद.

टाका-दोरा

मान्य. होजियरीवर काटा नको. विणलेल्या कापडात दातांभोवतीचं एक घर सुटलं की शेजारचीही सुटत जातात. नजरेने बघणं इथे ओढण्यापेक्षा खरं सांगतं. सुधारून घेतो.

प्रभादेवीकर

प्रयोगशाळेबद्दल. मुंबईत सोय भरपूर आहे: प्रभादेवीला वस्त्र समितीची प्रयोगशाळा, घाटकोपर पश्चिमेला बीटीआरए आणि वरळीला सस्मिरा या वस्त्रसंशोधन संस्था. पण एका कपड्याच्या चाचणीचा खर्च त्या कपड्याच्या विक्रीतून निघणार नाही, आणि नमुना कापला जातो तो वेगळाच. म्हणून एकेक कपडा पाठवू नका. एखाद्या घरातून एकाच ब्रँडचे, एकाच मालिकेचे पंचवीस-तीस नग आले आणि छपाई किंवा धातूबद्दल शंका असेल, तर त्यातला सर्वात खराब नग पाठवणं समजू शकतं.

घरच्या घरी:

शिशासाठी बाजारात मिळणाऱ्या, चोळून रंग बदलणाऱ्या कांड्यांवर भरवसा ठेवू नका. त्या पृष्ठभागावरचं शिसं दाखवू शकतात, आतल्या धातूतलं किंवा थराखालचं नाही. अमेरिकेच्या आयोगानेही २००७ मध्ये त्या भरवशाच्या नाहीत असंच सांगितलं होतं.

निकेलसाठी मात्र डायमिथाइलग्लायऑक्झिम या रसायनाची चाचणी सोपी आणि खात्रीची. कापसाच्या बोळ्यावर थेंब घेऊन जीन्सच्या बटणाची आतली बाजू अर्धा मिनिट घासा, गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. बेंबीजवळ सतत खाजणारा चट्टा अनेकदा याच बटणाचा असतो. युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या भागातून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम एवढंच निकेल सुटायला मुभा आहे. उपाय म्हणजे आतून कापडाचा गोल तुकडा शिवणे. नेलपॉलिशचा थर धुण्यात जातो.

जाड रबरी छपाई आणि प्लास्टिकच्या पाठीची लाळेरी पीव्हीसीची आहेत का हे तांब्याच्या तारेने कळतं. तार गॅसवर लालबुंद करा, प्लास्टिकच्या कडेला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरिन आहे, म्हणजे बहुतेक पीव्हीसी. हे खिडकी उघडी ठेवून आणि बाद मालावरच करा. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं वापरतात, पण हिरवी ज्योत थॅलेट सिद्ध करत नाही, फक्त सावध करते. तोंडात जाणाऱ्या लाळेऱ्यांच्या बाबतीत तेवढं पुरे: चिकट झालेलं, भेगा पडलेलं प्लास्टिक बाद.

रंगांबद्दल एक दिलासा. घातक अमाइन सोडणाऱ्या अ‍ॅझो आणि बेंझिडीन रंगांवर भारतात नव्वदच्या दशकातच बंदी आली, एकूण ११२ रंग. घरगुती चाचणीने हे रंग ओळखता येत नाहीत. रंग जातो का एवढंच बघा: ओल्या पांढऱ्या फडक्याने काखेत आणि गळ्याशी दहा वेळा घासा. फडकं रंगलं तर तान्ह्या बाळाच्या मापात ठेवू नका.

दवाखान्यातून

बाळंतविडाताईंनी डांबराच्या गोळ्यांचा उल्लेख केला, त्यावर थांबून लिहायला हवं. आपल्याकडे ट्रंका-कपाटांत ही गोष्ट सर्रास असते.

डांबराच्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे बहुधा नॅप्थॅलीन. जी६पीडी नावाच्या वितंचकाची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी वापरली तर लाल रक्तपेशी फुटतात, रक्त कमी होतं, कावीळ वाढते. नवजात बाळात ही कावीळ मेंदूपर्यंत पोचू शकते. कमतरता आहे की नाही हे बहुतेक आईवडिलांना ठाऊकच नसतं. कपडा घेताना नाकाशी धरा. डांबराचा वास आला तर ० ते १ वर्षाच्या मापात घेऊच नका. मोठ्या मापाचा असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत टांगा, धुवा, पुन्हा वास घ्या. दुकानातही साठवणीला या गोळ्या नकोत. कडुनिंबाचा वाळवलेला पाला मलमलीच्या पुरचुंडीत चालेल, फक्त पुरचुंडी कपड्याला टाचू नका.

दुसरं, हातमोजे आणि पायमोजे. ते पूर्ण उलटे करा. आतले सुटे धागे बाळाच्या बोटाला वेढे घालतात, बोट सुजतं, धागा सुजेत रुततो आणि रक्त थांबतं. बाळ नुसतं रडत राहतं, कारण दिसत नाही. आत लांब तरंगते धागे असलेल्या नक्षीचे मोजे तान्ह्यासाठी नकोतच.

खरजेचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. आलेला सगळा माल बंद पिशवीत किमान तीन दिवस, शक्यतो आठवडा ठेवा. मग ६० अंशांच्या पाण्यात धुवा. ढेकूण मात्र पिशवीत महिनोन्‌महिने जगतात, त्यांच्यासाठी उष्णताच हवी. शिवणीत काळे ठिपके दिसले तर पिशवी दुकानात उघडूच नका.

हडसनकाठ

अमेरिकेहून आलेल्या रात्रीच्या कपड्यांबद्दल एक मुद्दा राहिला, आणि आपल्या सवयीशी त्याचा थेट संबंध आहे.

तिथे मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगीचे नियम सत्तरच्या दशकापासून आहेत. कपडा एकतर सहज पेट न घेणारा हवा, किंवा अंगाला घट्ट बसणारा. घट्ट कपड्यात आणि अंगात हवा राहत नाही, म्हणून आग पसरायला वाव मिळत नाही. अशा सुती जोडीच्या मानेवरच्या लेबलवर 'घट्ट घाला, हा कपडा ज्वालारोधक नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. आपण काय करतो? वाढत्या अंगाचा म्हणून दोन मापं मोठा घेतो. मग ज्या एका गुणावर तो कपडा सुरक्षित होता तोच जातो. दिवाळीत दारात पणत्या आहेत, गॅसशेजारी मूल घुटमळतं. अशा कपड्याच्या लेबलचं मराठी भाषांतर कार्डावर लिहून कपड्याला अडकवा. नियमावलींनी सांगितलेला 'उत्पादकाचा इशारा पोचवणं' हा मुद्दा इथे अक्षरशः लागू होतो.

ज्वालारोधक असं लिहिलेल्या पॉलिस्टरच्या कपड्याला सॉफ्टनर लावू नका. त्याचा थर बसतो आणि गुण कमी होतो.

परत मागवलेला माल ओळखायला: ऑगस्ट २००९ नंतरच्या अमेरिकी बालकपड्यांवर, बहुतेकदा बाजूच्या शिवणीत, उत्पादनाचा काळ आणि बॅच सांगणारं छोटं लेबल सक्तीचं आहे. आरएन या अक्षरांपुढचा क्रमांक कंपनी ओळखायला उपयोगी. ब्रँड, वर्ष आणि वर्णन तिथल्या आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधता येतं. नाड्या आणि रात्रीचे कपडे हे तिथे वारंवार दिसतात. युरोपच्या कपड्यांसाठी सेफ्टी गेट ही यादी बघा.

बाळंतविडा

केवढी तपशिलवार उत्तरं, मनापासून आभार. आता चौथा प्रश्न अधिकच अडचणीचा झाला. नियमावली म्हणतात वस्तूत बदल केला तर जबाबदारी येते. टाका-दोरा म्हणतात बटण पुन्हा लावा, नाडी काढा, बंदाऐवजी वेलक्रो लावा. कोणाचं ऐकायचं?

आणि कपड्यांबरोबर लोक मऊ खेळणी, खुळखुळेही आणून देतात. ठेवावीत का?

नियमावली

कायद्याचे शब्द बघा: बदल हेच इजेचं 'मुख्य कारण' ठरलं तर. गळ्याची नाडी काढल्याने मुलाला इजा होत नाही, उलट टळते. काढून टाकणं निर्धास्त करा. जोडणं जपून. तुम्ही लावलेलं बटण निघालं तर ते तुमचं बटण आहे. माझं मत असं: तीन वर्षांखालच्या मापांत नवी जोडणी नकोच. बटण गेलं असेल तर तो कपडा बाद. त्यावरच्या मापांत टाका-दोरांच्या पद्धतीने लावा आणि नोंद ठेवा. टाका-दोरांची हरकत असेल तर जरूर मांडावी.

खेळणी ठेवू नका. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का लागतो. भारतीय मानक ब्युरो (बीआयएस) कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये नुसती विक्री नव्हे, साठवणं आणि विक्रीसाठी मांडणंही आलं आहे. जुन्या-नव्याचा भेद त्या कलमात नाही. २०२१ पूर्वीच्या खेळण्यावर बहुधा शिक्का नसतोच.

परदेशातून जुन्या कपड्यांच्या गासड्या मागवायचा विचार कोणी डोक्यात घातला तर तोही सोडा. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीला परवाना लागतो. कांडला आणि पानिपतचा जुन्या कपड्यांचा व्यवहार वेगळ्या चौकटीत चालतो, तो किरकोळ दुकानासाठी नाही.

कराचं एका ओळीत: उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी, आणि नियम ३२(५) प्रमाणे वापरलेल्या वस्तूंवर खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो, खरेदीवरचा परतावा न घेण्याच्या अटीवर. वाट्याच्या बोलीवर ठेवलेल्या मालाचं गणित वेगळं, ते सीएकडून लिहून घ्या.

टाका-दोरा

तीन वर्षांखाली बटण लावू नये, याला माझी हरकत नाही. वेलक्रो बाळाच्या कुंचीला लावायचं सुचवलं होतं, तेही मग घरच्यांसाठी ठेवू या, दुकानात नको.

गाळा नंबर ७

नोंदवहीचे रकाने असे ठेवा: आल्याची तारीख, कोणाकडून, ब्रँड, माप, लेबल आहे की कापलेलं, काय काढलं, काय लावलं, कोणी तपासलं, बाद किंवा विक्री. प्रत्येक कपड्याच्या लेबलचा मोबाइलवर फोटो, फोटोला नोंदीचा क्रमांक. लेबल कापलेला कपडा ० ते ३ मापात घेऊच नका. मोठ्या मापात घेतलात तर कमी भावात घ्या आणि कार्डावर 'उत्पादक अज्ञात' लिहा. देणाऱ्याकडून एका ओळीत सही घ्या: घरात खरूज नव्हती, डांबराच्या गोळ्या वापरल्या नाहीत, माल परत मागवल्याचं ठाऊक नाही.

पहिल्या महिन्यात दिवसाला चाळीसपेक्षा जास्त नग तपासायला घेऊ नका. घाईत टिचबटणं सुटतात.

आणि जून ते सप्टेंबर साठवलेला माल विक्रीपूर्वी पुन्हा तपासा. इलॅस्टिक ताणून कानाशी धरा, आत कुरकुर ऐकू आली तर रबर मेलं आहे. टिचबटणांना गंज धरतो, गंजलेलं बटण उघडताना आई जोर लावते आणि कापड फाटतं.

दवाखान्यातून

बाद झालेले कपडे कुठे जातात हे कोणी विचारलं नाही. ते अनाथाश्रमाला किंवा वस्तीतल्या बालवाडीला 'चालेल तेवढं' म्हणून पाठवू नका. आपल्या मुलासाठी जे नको ठरवलं ते त्या मुलांसाठीही नको.

गाळा नंबर ७

बरोबर. बाद कपडा दुकानातून अख्खा बाहेर पडता कामा नये, बोहारणीच्या गाठोड्यातही नाही. ती तो पुढे विकणार आणि टिचबटण पुन्हा एखाद्या बाळाच्या खांद्यावर जाणार. कात्रीने बटणं, चेन, खडे, नाड्या कापून डब्यात टाका. मग कपडा छातीवरून आडवा कापा. सुती तुकडे गोधडी शिवणाऱ्या बायका आनंदाने नेतात. पॉलिस्टर वेगळं बांधा, ते गोधडीच्या थरात घाम धरतं आणि ठिणगी पडली तर वितळून चिकटतं. कापलेल्या बटणांचा डबा टेबलाखाली ठेवू नका, दुकानात आलेली मुलं तिथेच बसून खेळतात. वर, कुलपात.